दूरचा समुपदेशक आणि विद्यापीठाची जबाबदारी

समोरासमोर बसल्यावाचून मनाची चिकित्सा होऊ शकत नाही, हा आक्षेप दूरस्थ समुपदेशनावर इतक्या वेळा घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांत प्राध्यापक, पालक आणि प्रसंगी मानसोपचारतज्ज्ञही इतक्या संख्येने असतात, की विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी गेल्या काही वर्षांत दूरध्वनीवरून, पडद्यावरून आणि लिखित संदेशांतून समुपदेशनाची जी व्यवस्था उभी राहिली आहे, तिचा आढावा घेताना प्रथम या आक्षेपाचाच निकाल लावणे प्राप्त आहे. तो निकाल माझ्या मते आक्षेपकांच्या विरुद्ध जातो. अंतर हे या व्यवस्थेचे वैगुण्य मानण्यास फारसा आधार सापडत नाही. कित्येकदा ते तिला उपकारकच ठरलेले दिसते. तिची खरी वैगुण्ये निराळ्या जागी आहेत, आणि तेथे फारसे कोणी पाहत नाही.

अंतरावरून सल्ला देण्याची आपल्याकडील परंपरा दूरध्वनीहून जुनी, टपालाच्या काळातली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलै महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि त्यातून वाचकांच्या लैंगिक आयुष्याविषयीच्या शंकांना ते उत्तरे देत राहिले. घरातील वडीलधाऱ्यांपुढे, ओळखीच्या वैद्यापुढे किंवा महाविद्यालयातील गुरुजनांपुढे ज्या गोष्टीचा उच्चार करण्याचीही छाती झाली नसती, ती गोष्ट एका अपरिचित संपादकाला पाकिटातून कळवण्यास माणसे धजत, याचे कारण तो संपादक दूर होता, त्याची उद्या रस्त्यात गाठ पडण्याचा संभव नव्हता, आणि त्याच्या उत्तरात ज्ञान असे, दटावणी नसे. कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, २ नोव्हेंबरला, लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये चॅड व्हॅरा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनीची सोय केली आणि तीतून पुढे ‘समॅरिटन्स’ ही संस्था आकाराला आली. व्हॅरा यांना या कार्याकडे वळवणारी घटना १९३५ सालची होती: मासिक पाळीला गुप्तरोग समजून भयाने जीव दिलेल्या एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी त्यांना करावा लागला होता. कर्व्यांनी ज्या अज्ञानाशी आयुष्यभर झुंज घेतली तेच हे अज्ञान. व्हॅरा यांच्या उपक्रमातून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली, ती पुढील विवेचनास उपयोगी आहे. त्यांच्या भेटीसाठी ताटकळत बसलेल्या लोकांना चहा देणारे आणि चार शब्द बोलणारे साधे स्वयंसेवक होते. त्यांच्याशी बोलूनच कित्येकांचे ओझे हलके होते आणि धर्मोपदेशकाला भेटण्याची गरज त्यांना उरत नाही, असे दिसून आल्यावर काही महिन्यांतच व्हॅरा यांनी दूरध्वनीचे काम त्या स्वयंसेवकांच्या स्वाधीन केले.

विद्यापीठांपुरते बोलावयाचे तर पहिला संस्मरणीय प्रयोग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा. १९८६ च्या सप्टेंबरात, म्हणजे महाजाल सामान्य माणसाच्या घरात शिरण्याच्या कितीतरी आधी, तेथील मानसशास्त्रीय सेवा विभागाचे प्रमुख जेरी फीस्ट आणि संगणकतज्ज्ञ स्टीव्ह वरोना यांनी ‘अंकल एझ्राला विचारा’ नावाची सोय उघडली. एझ्रा कॉर्नेल हे विद्यापीठाचे संस्थापक; त्यांच्या नावाचा हा काल्पनिक काका. विद्यार्थ्याने आपले नाव न सांगता विद्यापीठाच्या संगणकावर प्रश्न लिहावा, जाणकाराने उत्तर लिहावे, आणि प्रश्नोत्तरे सर्वांना वाचावयास खुली असावीत, असा तेथील शिरस्ता होता. यातील शेवटची योजना मला सर्वांत मार्मिक वाटते. ज्याने प्रश्न विचारला त्याला उत्तर मिळालेच. पण ज्याने कधीच विचारला नसता, त्यालाही आपल्या मनातले भय दुसऱ्या कुणाच्या शब्दांत वाचावयास मिळाले, आणि हे भय आपल्या एकट्याचे नाही एवढे कळणे हा एकलकोंड्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने निम्मा उपचार असतो. आज विद्यापीठांनी घेतलेल्या महागड्या सेवांमध्ये ही साधी युक्ती क्वचितच आढळते; प्रत्येक विद्यार्थी आपापल्या पडद्यात बंद असतो.

आता शास्त्रीय पुराव्याकडे वळू. संज्ञानात्मक वर्तनोपचार ही पद्धती समोर बसून वापरली असता आणि महाजालावरून वापरली असता काय फरक पडतो, याची प्रत्यक्ष तुलना करणाऱ्या वीस चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण स्वीडनच्या पेर कार्लब्रिंग यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली प्रसिद्ध केले, तेव्हा दोहोंच्या परिणामांत म्हणण्यासारखी तफावत आढळली नाही. आक्षेपकांनी हे वाचावे. परंतु उत्साही समर्थकांनीही त्याचा अर्थ बेताने घ्यावा, कारण अशा चाचण्यांत स्वतःहून नाव नोंदवणारे आणि उपचार पुरा करण्याची इच्छा असलेले लोक असतात, आणि पडद्याआड बहुधा कोणी तरी माणूस त्यांच्या प्रगतीकडे लक्ष ठेवून असतो. हा माणूस काढून घेतला म्हणजे काय होते, याचा उलगडा नैराश्यावरील ३९ चाचण्यांच्या २०२१ सालच्या विश्लेषणाने केला: नैराश्य सौम्य असेल तर मार्गदर्शकासह आणि मार्गदर्शकाविना केलेल्या उपचारांत फारसे अंतर राहत नाही, परंतु ते मध्यम अथवा तीव्र असेल तर मार्गदर्शक लागतोच. केवळ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर झालेल्या ४८ चाचण्यांचा गोषवारा २०१९ साली निघाला, त्यात नैराश्य आणि चिंता यांवर होणारा परिणाम खरा, पण लहान ठरला. आणि भ्रमणध्वनीवर उतरवून घेण्याच्या मानसिक आरोग्याच्या ९३ उपयोजनांच्या वापराची त्याच वर्षी पाहणी झाली, तेव्हा महिना उलटल्यावर ती उघडून पाहणारे लोक शंभरात तीन-चारच उरतात असे दिसले. म्हणजे अंतर राहिले तरी चालते, माणूस गेला तर चालत नाही, असा या सर्व पुराव्याचा रोख आहे.

गरज किती मोठी आहे, याविषयी आकडे पुष्कळ फेकले जातात. त्यांतले थोडेच घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने आठ देशांतील १९ महाविद्यालयांच्या सुमारे १४,००० प्रथम वर्षीय विद्यार्थ्यांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीत मागील वर्षभरात कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराची लक्षणे असलेल्यांचे प्रमाण ३१ टक्के भरले. त्या आठांत भारत नव्हता. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या दप्तरात २०२२ साली देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत १,७६४ या संख्येने महाराष्ट्र सर्व राज्यांत वर आहे. ‘विद्यार्थी’ या सदरात शाळकरी मुलेही येतात, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावयास हवा. उलट बाजूला, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने उपचाराची गरज असूनही तो न मिळणाऱ्यांचे प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्के दाखवले, आणि मानसोपचारतज्ज्ञांची देशातील संख्या लाखामागे ०.७५ भरते, म्हणजे पुरता एकही नाही. जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत. गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना विद्यापीठ निघाले. भामरागडसारख्या तालुक्यातून तेथे शिकावयास येणाऱ्या मुलीला पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी बोलता यावे, तर ते दूरध्वनीवाचून कसे साधणार, या प्रश्नाला आक्षेपकांपाशी उत्तर नाही.

भारतात या व्यवस्थेचा पाया करोनाकाळातील टाळेबंदीच्या आधीच घातला गेला होता. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही दूरध्वनी आणि ई-पत्राद्वारे समुपदेशन करणारी सेवा सुरू केली, तर ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली ‘आयपीएच’ ही संस्था आपल्या ‘मैत्र’ या सेवेद्वारे मराठी बोलणाऱ्यांचे ऐकत आली आहे. पण सरकारी यंत्रणा हलली ती २०२० साली. देश बंद झाला त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. जुलैमध्ये तेव्हाच्या मनुष्यबळ विकास, म्हणजे आजच्या शिक्षण मंत्रालयाने विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. आणि २०२२ च्या अंदाजपत्रकात घोषित झालेली ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय सेवा त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्यदिनी, सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. बंगळूरच्या निमहान्स संस्थेकडे तिचे प्रमुखपद आहे. दूरध्वनी करणाऱ्याने वीस भाषांतून आपली भाषा निवडावी, त्याच्या राज्यातील केंद्रावरच्या प्रशिक्षित समुपदेशकाने त्याचे ऐकावे, आणि प्रकरण त्याच्या आवाक्याबाहेरचे असल्यास ते वरच्या पायरीवरील तज्ज्ञांकडे अथवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे सोपवावे, अशी तिची रचना आहे. अहोरात्र चालणारी ही सेवा मोफत असून, सरकारी योजनांबद्दल सर्रास वापरला जाणारा उपहास तिच्या वाट्याला येऊ नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. विद्यापीठांची स्वतःची समुपदेशन केंद्रे सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत उघडी असतात, आणि विद्यार्थ्याचे मन काही कार्यालयीन वेळेत खचत नाही.

भाषेच्या बाबतीत एवढेच, की मराठी निवडता आली म्हणजे काम भागत नाही. मन खचल्याची फिर्याद आपला विद्यार्थी बहुधा शरीराच्या नावाने करतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडले की डोके धरते, इतकेच तो सांगतो, आणि त्यामागचे ऐकू येण्यास समुपदेशकाला त्याचा मुलूख ठाऊक असावा लागतो. गडचिरोलीच्या माडिया आदिवासी घरातून आलेल्या मुलीची तर मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असते.

परंतु या व्यवस्थेत ज्या वस्तूचा सर्वांत मोठा तुटवडा आहे, ती वस्तू म्हणजे एकांत, आणि तिच्याविषयी योजनांच्या मसुद्यांतून जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. समुपदेशकाच्या दालनाला दार असते. ते दार बंद झाले की आत बोललेले आतच राहील, ही हमी संस्थेने दिलेली असते. ते दालन, ते दार, बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना आवाज जाऊ नये म्हणून केलेली तजवीज, हा सारा उपचाराचाच भाग असून त्याचा खर्च संस्था सोसत असते. समुपदेशन दूरस्थ झाले की हा खर्च गुपचूप विद्यार्थ्याच्या माथी येतो, आणि तो त्याला परवडतो की नाही हे कोणी विचारीत नाही. वसतिगृहाच्या खोलीत तीन किंवा चार खाटा असतात. गच्चीला कुलूप असते, आणि ते अनेक ठिकाणी आत्महत्येच्या भीतीपोटीच घातलेले असते. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी लागते, तेव्हा मुलगा निदान रस्त्यावर चालत चालत बोलू शकतो, मुलीला तेही नाही. घरी राहून शिकणाऱ्याची स्थिती याहून बरी असेल असे वाटते, पण मुंबईच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत आई ओट्यापाशी, वडील खाटेवर आणि धाकटे भावंड पायाशी बसलेले असताना, ज्या घराविषयी बोलावयाचे त्या घरातच बसून विद्यार्थ्याने काय बोलावे? टाळेबंदीत हे अत्यंत तीव्रतेने जाणवले. अशा वेळी जाणता समुपदेशक प्रश्नच असे विचारतो की विद्यार्थ्याला ‘हो’, ‘नाही’, ‘हं’ एवढ्यावर भागवता यावे. संभाषणाचा सगळा भार एकाने उचलावयाचा आणि दुसऱ्याने हुंकार भरावयाचा. लिखित संदेशांचा मार्ग यातूनच लोकप्रिय झाला. संदेश लिहिताना शेजारच्या खाटेवरच्या मित्राला तो अभ्यासाचा वाटतो, हे खरे. पण लिहिलेल्या वाक्यात आवाज नसतो, मध्येच अडखळलेला श्वास नसतो, आणि ‘ठीक आहे’ असे लिहिण्यापूर्वी विद्यार्थी दहा मिनिटे थांबला होता की दहा सेकंद, हे समुपदेशकाला कळतेच असे नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक महाविद्यालयात आणि प्रत्येक वसतिगृहात एक लहान खोली, तिला आतून लागणारी कडी, एक खुर्ची, एक संगणक, आणि ती खोली कोण कशासाठी वापरतो याची नोंदवही ठेवण्यास सक्त मनाई, एवढे केले तरी दूरस्थ समुपदेशनाची निम्मी अडचण दूर होईल. सभागृहाला वातानुकूलन बसवणाऱ्या संस्थांना हे अशक्य नाही. हे सुचत नाही, याचे कारण दूरस्थ सेवा म्हणजे जागा न देता द्यावयाची सेवा, असे व्यवस्थापनाने मनाशी धरले आहे.

वयाचा एक पेच येथेच नोंदवून ठेवतो. बारावी होऊन महाविद्यालयात आलेला विद्यार्थी कित्येकदा अठरा वर्षांचा झालेला नसतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या दृष्टीने तो अज्ञान असल्यामुळे त्याचा पालक हाच त्याचा प्रतिनिधी ठरतो. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत पालकाच्या संमतीवर भर देतो. ज्या मुलाचे दुःखच पालकापासून सुरू होते, त्याने काय करावे, याचे उत्तर या तरतुदींत सहजी सापडत नाही.

समुपदेशक कोणाला म्हणावे, हाही प्रश्न सुटलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यकाची सनद लागते, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, परंतु ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्यास दीर्घ काळ कोणतीच सनद लागत नव्हती. संलग्न आरोग्य व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या कायद्याने या वर्गाला नोंदवहीत आणण्याची वाट उघडली. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत वैद्यकासाठी होती, समुपदेशकासाठी नव्हती. तथापि पदवीचा आग्रह धरणाऱ्यांनी एका गोष्टीचे विस्मरण होऊ देऊ नये. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर प्राथमिक आरोग्य केंद्रांत उपचार करविले, आणि ते परिणामकारक ठरल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाले. व्हॅरा यांच्या चहा देणाऱ्या स्वयंसेवकांची ही शास्त्रशुद्ध आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. मात्र ‘संगाथ’च्या कार्यकर्त्यांवर जाणकारांची सतत देखरेख होती, आणि दूरस्थ सेवांत जे प्रथम कापले जाते ते हेच.

गुप्ततेविषयी विद्यार्थी जितका साशंक असतो तितके होण्याचे कारण नाही, असे म्हणण्याची माझी इच्छा होती. परंतु वस्तुस्थिती तशी म्हणू देत नाही. कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. तरीही अमेरिकेतील ‘बेटरहेल्प’ या दूरस्थ समुपदेशन पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीने ग्राहकांनी विश्वासाने भरून दिलेली माहिती जाहिरातीसाठी समाजमाध्यमांच्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ साली ते प्रकरण ७८ लाख डॉलर देऊन मिटवण्यात आले. आपल्या विद्यार्थ्याचे भय मात्र परदेशी कंपनीचे नसते. विभागप्रमुखाला कळेल काय, कॅम्पस मुलाखतीच्या यादीतून नाव जाईल काय, वसतिगृह सोडावे लागेल काय, हे त्याचे प्रश्न असतात; आणि विद्यापीठाने पैसे मोजून घेतलेल्या सेवेत विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्याच ई-पत्त्याने प्रवेश करावयाचा असेल, तर या प्रश्नांना ‘नाही’ असे ठाम उत्तर देणे समुपदेशकालाही कठीण जाते.

यंत्राशी बोलण्याविषयी हल्ली फार बोलले जाते, म्हणून मी थोडक्यात आवरतो. जोसेफ वायझेनबाउम यांनी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत १९६६ साली ‘एलायझा’ हा संभाषण करणारा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला, तेव्हा तो कसा रचला आहे हे ठाऊक असलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीच त्याच्याशी चार वाक्ये बोलून झाल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. वायझेनबाउम यांना या प्रसंगात मानवी बुद्धीचा भोळेपणा दिसला. मला त्यात एकांताची भूक दिसते. ‘वोबॉट’ या अशाच कार्यक्रमाची सत्तर तरुण विद्यार्थ्यांवर दोन आठवडे चाचणी झाली आणि २०१७ साली तिचा अनुकूल निष्कर्ष निघाला. त्यावर केवढे तरी इमले उभे राहिले. आणि २०२५ च्या जूनअखेर कंपनीने तो कार्यक्रम बंद केला. ज्यांनी त्याच्यापाशी मन मोकळे केले होते त्यांना पुढे कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हा प्रश्न यंत्राच्या बाबतीत कोणाला विचारावयाचा हेच ठरलेले नसते.

स्वाधीन करणे हीच या साऱ्या प्रश्नाची मेख आहे. शंभरातील बहुसंख्य विद्यार्थी दूरध्वनीवर बोलून सावरतात. परंतु एखादा विद्यार्थी रात्री दोन वाजता अशा अवस्थेत बोलतो, की त्याच्यापाशी दहा मिनिटांत कोणी तरी जिवंत माणूस पोहोचणे अगत्याचे असते. समुपदेशक तेव्हा दुसऱ्या शहरात असतो. त्याच्यापाशी वसतिगृहाचे नाव असलेच तर खोलीचा क्रमांक नसतो, रेक्टरचा दूरध्वनी नसतो, जवळचे रुग्णालय रात्री अशा रुग्णाला दाखल करून घेते की नाही याची माहिती नसते. पोलिसांना कळवावे, तर विद्यार्थी त्यांना भितो. वास्तविक २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरण्याचे आणि तिला शिक्षा न करण्याचे ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत १८६० सालापासून चालत आलेला तो गुन्हा उरलाही नाही, परंतु दीडशे वर्षांची दहशत राजपत्रातील एका अधिसूचनेने जात नाही. अशा रात्री उपयोगी पडते ती विद्यापीठाच्या आवारातील माणसांची साखळी: रेक्टर, रखवालदार, शेजारच्या खोलीतला मित्र, एक प्राध्यापक, एक वाहन. ही साखळी बांधलेली नसताना दर्शनी भिंतीवर १४४१६ हा क्रमांक लावणे म्हणजे पोहरा नसलेल्या विहिरीवर ‘पिण्याचे पाणी’ अशी पाटी टांगण्यासारखे आहे. पाणी आहे, आणि चांगले आहे. पण ते वर कसे यावे?

दूरस्थ समुपदेशनाने जे साधणारच नाही, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढील प्रवेश हुकण्याच्या धास्तीने ज्यांची झोप उडाली होती, त्यांना समुपदेशकाने श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार होते? शिष्यवृत्ती थकलेल्या विद्यार्थ्याला मेसच्या बिलाची चिंता असते, ती विकार नव्हे. आणि जातीवरून होणाऱ्या छळाला ‘ताणाचे व्यवस्थापन’ हे उत्तर देणे हा तर अन्यायच आहे. हैदराबाद येथे २०१६ साली आणि मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात २०१९ साली ज्यांनी आपली मुले गमावली, त्या दोन माता २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या समुपदेशक मागण्यासाठी गेल्या नाहीत. उच्च शिक्षणसंस्थांतील समतेचे जे नियम कागदावर होते त्यांची अंमलबजावणी त्यांना हवी होती. समुपदेशकाने जे ऐकले त्यातून संस्थेच्या दोषाचे सूत्र दिसत असेल, तर ते, नावे वगळून, कुलगुरूंपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग असावा. दूरच्या समुपदेशकाला असा मार्ग जवळजवळ कोठेच ठेवलेला नाही. तो त्या संस्थेच्या कोणत्याच समितीवर नसतो.

आणि पुष्कळ विद्यार्थी तर कोणत्याच संस्थेच्या पटावर नसतात. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतून कॉटबेसिसवर राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण पदवी घेऊन विद्यापीठातून बाहेर पडलेले असतात, अभ्यासिकेचा मालक म्हणजे त्यांचा रेक्टर नव्हे, आणि गावाकडे तर ‘तयारी चालली आहे’ एवढेच माहीत असते. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तोंडावर आलेली असताना पुढे ढकलली गेली आणि हे तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची संख्या शहराला प्रथम दिसली. त्यांच्यासाठी राष्ट्रीय सेवेचा दूरध्वनी हाच एक आधार. त्यांच्या बाबतीत साखळी बांधावयाची कोणी, हे माझ्याही विचाराला सुचत नाही. परदेशी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा प्रकार याच्या उलट आहे: त्याच्या विद्यापीठात समुपदेशन केंद्र सुसज्ज असते, पण त्याला मध्यरात्री मराठीतून बोलावेसे वाटते म्हणून तो पुण्याच्या समुपदेशकाला गाठतो, आणि संकट ओढवले तर त्या समुपदेशकाचा त्या देशात काहीच अधिकार चालत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाची सनद राज्यागणिक असल्यामुळे २०२० साली विद्यार्थी आपापल्या राज्यांत परतले तेव्हा खुद्द अमेरिकन समुपदेशकांनाही हीच अडचण आली होती.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेव साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा निर्देश दिले, आणि विधिमंडळ कायदा करीपर्यंत ते बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. संकटसमयी रुग्णाला कोणाकडे न्यावयाचे याची लेखी पद्धत असावी. सर्व शिक्षक व शिक्षकेतर सेवकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. आणि साहाय्यसेवांचे क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत. यांतील शेवटचा निर्देश सर्वांत आधी पाळला जाईल, हे भाकीत करण्यास ज्योतिषी नको. ‘सेवा घ्यावी’ या मुभेखाली एखाद्या कंपनीशी वार्षिक करार करून, किती विद्यार्थ्यांनी सेवा वापरली याचा तक्ता मूल्यांकनाच्या फाइलीत लावणेही सोपे आहे. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांचे प्रशिक्षण आणि संकटकाळची लेखी पद्धत ही दोन कलमे मात्र कागदावर निकालात काढता येणार नाहीत, निदान येऊ नयेत. तालुक्याच्या गावी चार-पाचशे विद्यार्थ्यांचे कला-वाणिज्य महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेला पूर्ण वेळ समुपदेशक परवडणार नाही, हे मान्य करून विद्यापीठाने तिला दूरस्थ सेवेची परवानगी जरूर द्यावी. पण संलग्नीकरणाच्या वेळी येणारी स्थानिक चौकशी समिती जशी शिक्षकांच्या नेमणुका आणि ग्रंथालयातील पुस्तके तपासते, तशीच तिने कडी लागणारी ती खोली प्रत्यक्ष पाहावी, रात्री पोहोचू शकेल अशा जबाबदार व्यक्तीचे नाव व क्रमांक दूरच्या समुपदेशकाकडे लेखी दिला आहे काय हे विचारावे, आणि जिल्हा रुग्णालयाशी झालेला पत्रव्यवहार मागून घ्यावा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कुलसचिवांच्या सहीचे एक परिपत्रक पुरते.